वर्ध्यातली पाण्याची भिंत

वर्धा म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? खादी, चरखा, शाळेच्या सहलीत पाहिलेली बापू कुटी आणि मे महिन्यातलं जीवघेणं ऊन. बरोबर ना? माझंही तसंच होतं. त्यामुळे पुण्याहून वर्क फ्रॉम होम घेऊन घरी परतलेल्या मित्राने फोनवर सांगितलं, 'हॉलमध्ये सहा फुटी प्लांटेड अ‍ॅक्वेरियम लावलंय, पार्टिशन म्हणून', तेव्हा मला हसूच आलं. बाहेर पारा ४५ च्या पुढे आणि घरात पाण्याखालचं जंगल? हे बघायलाच हवं! विदर्भ एक्स्प्रेसचं तिकीट काढलं आणि सकाळी वर्ध्याला उतरले. रिक्षात बसण्याआधी गोरसपाक घ्यायला विसरले नाही. वर्ध्याला जाऊन गोरसपाक न खाणं म्हणजे गुन्हाच.

घरात शिरताच पाय दारातच थबकले. हॉलच्या मधोमध, एका भिंतीला टेकून पुढे आलेली काचेची पेटी. आत हिरवीगार पाती हलतायत, त्यांच्यामधून पट्टेरी मासे सुळसुळतायत आणि पलीकडे पलंगावर काका टेकून बसलेत.

'भिंतच घालत होतो बाप्पा,' काकू सरबताचा ग्लास हातात देत म्हणाल्या. 'पन भिंत घातली असती तं त्यायले कोन दिसलं असतं?'

काकांना दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणंही जवळपास थांबलं. माडीवर चढणं शक्य नाही, म्हणून पलंग हॉलमध्येच आला. येणारे-जाणारे, टीव्ही, पाहुणे या सगळ्यात त्यांना आडोसा हवा होता; पण अंधारी खोली नको होती. पडदा लावून झाला, प्लायवूडचा विचार झाला. शेवटी मित्राने ही पाण्याची भिंत उभी केली. आडोसा पण आणि सोबत पण.

दोन्हीकडून दिसणारं जंगल

पाण्याखालच्या बागेला कलेचा दर्जा मिळवून दिला जपानच्या ताकाशी अमानो या फोटोग्राफरने. २०१५ मध्ये निधन होण्याआधी त्याने लिस्बनच्या मत्स्यालयात तब्बल ४० मीटर लांब आणि १ लाख ६० हजार लिटरचं पाण्याखालचं जंगल उभं केलं. आपला मित्र तिथून प्रेरणा घेऊन सहा फुटांवर थांबला. सहा फूट लांब, दीड फूट रुंद, दोन फूट उंच. म्हणजे पाचशे लिटरच्या आसपास पाणी. त्यात १२ मिलीमीटर जाडीची काच, खडी, दगड धरले की वजन सातशे किलोपर्यंत जातं! तळमजल्यावर पक्क्या जोत्यावर असल्याने इथे चाललं. तुम्ही चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहत असाल, तर आधी स्ट्रक्चरल इंजिनीअरला विचारा, मग मासे बघा.

पार्टिशनचा टँक नेहमीच्या टँकपेक्षा वेगळा असतो, कारण त्याला मागची बाजूच नसते. त्यामुळे उंच झाडं मधल्या रेषेत आणि दोन्ही काचांकडे उतरत जाणारी बुटकी झाडं. फिल्टरचे पाइप, वायरी सगळं भिंतीकडच्या टोकाला. लाइट रोज आठ तास, टायमरवर. खिडकीचं थेट ऊन टँकवर नको, नाहीतर आठवड्यात काचेवर शेवाळाचा थर.

आणि घाई नको. साहेबांनी तिसऱ्याच दिवशी मासे सोडले. आठवडाभरात सगळे गेले. माशांच्या विष्ठेतून तयार होणारा अमोनिया पचवणारे जिवाणू फिल्टरमध्ये वाढायला चार ते सहा आठवडे लागतात, हे त्याला नंतर कळलं. 'मासोया मेल्या तवा हे दोन दिवस धड जेवले नाहीत,' काकू सांगत होत्या. दुसऱ्या वेळी त्याने दीड महिना नुसत्या झाडांवर काढला.

उन्हाळ्याचं काय?

खरी परीक्षा एप्रिलनंतर. पाणी जितकं गरम, तितका त्यात ऑक्सिजन कमी मावतो. वीस अंशाला लिटरमागे सुमारे नऊ मिलिग्रॅम, तीस अंशाला साडेसात. महागडा चिलर घ्यायचा का? मित्राने वऱ्हाडी डोकं लावलं. आपला कूलर आणि माठ काय करतात? तेच. पाण्याच्या पृष्ठभागावर छोटे पंखे सोडले. इथली हवा कोरडी, त्यामुळे बाष्पीभवन जोरात आणि पाणी दोन-चार अंशांनी उतरतं. मुंबईच्या दमट हवेत ही युक्ती एवढी चालणार नाही बरं का!

फक्त पाणी रोज कमी होतं आणि क्षार मागे राहतात. काळ्या पाषाणातलं बोअरचं पाणी आधीच जड, तेच ओतत राहिलं तर टँकचं खारं तळं होईल. म्हणून उडालेल्या पाण्याची भर आरओच्या पाण्याने.

झाडं आणि मासे निवडतानाही तो शहाणा झालाय. व्हॅलिसनेरिया, हायग्रोफिला, रोटाला ही आपल्याकडच्या पाणथळीत वाढणारी मंडळी. मासे झेब्रा डॅनिओ, तेही आपल्याच उपखंडातले. 'परदेशात लोक ही आपली झाडं शोभेची म्हणून विकत घेतात, आणि आपण अ‍ॅमेझॉनच्या मागे!' इति मित्र. मात्र छाटलेल्या फांद्या तो नदीत कधीच टाकत नाही. १९५०च्या दशकात अ‍ॅक्वेरियमच्या धंद्यातून फ्लोरिडात पोहोचलेल्या हायड्रिलाने तिथले तलाव, कालवे कसे व्यापले, हे त्याला पाठ आहे.

एवढं करूनही एका रात्री गडबड झालीच. लाइट गेली, आणि फिल्टर इन्व्हर्टरला जोडलेला नव्हता. अंधारात झाडंही ऑक्सिजन खातात. मासे वर येऊन तोंडं उघडायला लागले. सगळे माडीवर झोपलेले. काकांनी डाव्या हाताने स्टीलचा पेला पलंगाच्या लोखंडी दांडीवर आपटायला सुरुवात केली. घर जागं होईपर्यंत थांबले नाहीत. मित्र धावत खाली आला, बॅटरीवरचा एअर पंप लावला. एकच मासा गेला.

'दोन वर्षांत बाबांनी पहिल्यांदा आम्हाला काहीतरी सांगितलं यार,' मित्र म्हणाला. मग दोघेही जरा वेळ गप्पच होतो.

संध्याकाळी आम्ही पवनारला गेलो. धाम नदीच्या खडकांवर बसलो, विनोबांच्या आश्रमात डोकावलो. दुसऱ्या दिवशी सेवाग्राम. शेगावचं सेवाग्राम झालं १९४० मध्ये. गांधीजी त्याआधीच, १९३६ मध्ये तिथे राहायला आले होते. माती, बांबू, कवेलू यांनी उभ्या राहिलेल्या त्या कुटीत शिरलं की बाहेरचं ऊन विसरायला होतं. जे जवळ मिळतं त्यातच घर थंड ठेवायचं, हे इथल्या लोकांना नवं नाही.

मला मनात एक खटकत होतं. पाण्याची एवढी टंचाई आणि पाचशे लिटर शोभेसाठी? विचारलं. मित्राने अंगणातली जास्वंद दाखवली. आठवड्याला बदललेलं शंभर-सव्वाशे लिटर पाणी सगळं कुंड्यांना आणि लिंबाच्या झाडाला. माशांच्या खताचं पाणी, वेगळं खत लागत नाही.

निघताना काकांना वाकून नमस्कार केला. त्यांनी डावा हात उचलून काचेकडे बोट केलं. पात्यांच्या मुळाशी एक इवलंसं पिल्लू लपलं होतं. घरात ते अजून कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं!

तेव्हा पुढच्या लाँग वीकेण्डला गोवा जरा बाजूला ठेवा. वर्ध्याला जा, फक्त मे महिना टाळा. आणि घरी परतल्यावर हॉलमध्ये पार्टिशन घालायचा विचार असेल, तर सुताराला फोन करण्याआधी एकदा विचार करा, पलीकडे कोण बसणार आहे?