एका घरात दोन बिऱ्हाडे

गोष्ट १९९९ सालची आहे. उल्हासनगरच्या कॅम्प ४ मध्ये आमच्या शेजारी एक सिंधी काका राहत. त्यांच्या कापडाच्या दुकानात मी रोज संध्याकाळी संगणकावर हिशेब लिहीत असे.

त्या सुमारास एका मासिकाबरोबर मला लिनक्सची तबकडी मिळाली. लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने १९९१ साली लिनक्सचा गाभा तयार केला आणि पुढे तो सर्वांसाठी खुला केला. ही प्रणाली शिकावी, असे मला फार वाटे. पण माझ्याजवळ संगणक नव्हता. भीत भीत मी काकांना विचारले.

"माझा हिशेब तर जाणार नाही ना?" काका म्हणाले.

"नाही. डिस्कचे दोन भाग करायचे. एकात विंडोज, दुसऱ्यात लिनक्स."

काका हसले. "१९४७ नंतर आम्ही सिंधमधून आलो, तेव्हा इथे लष्कराच्या बराकी होत्या. एका बराकीत कितीतरी कुटुंबे! मध्ये गोणपाटाचा पडदा. एका छपराखाली दोन बिऱ्हाडे राहू शकतात, बेटा. पण आधी हिशेबाची नक्कल करून ठेव."

सुट्टीच्या दिवशी मी विंडोजच्या फाइली डिस्कच्या एका बाजूला सरकवल्या. मोकळी जागा वेगळी केली आणि तेथे लिनक्स बसवले. घाईत नक्कल मात्र राहून गेली. संगणक पुन्हा सुरू केला, तर काळ्या पडद्यावर 'एल' आणि 'आय' ही दोनच अक्षरे! ना लिनक्स, ना विंडोज.

माझ्या पोटात गोळा आला. दोन वर्षांचा हिशेब होता तो. काही सांगूच नये, असे क्षणभर वाटले. पण मी काकांकडे गेलो आणि सारे खरे सांगितले. ते एवढेच म्हणाले, "चल, बघू."

कोणती प्रणाली सुरू करायची, हे ठरवणाऱ्या छोट्या कार्यक्रमाचे नाव 'लिलो'. त्याचे नाव अर्धेच उमटले, म्हणजे तो मध्येच अडला होता. घर शाबूत होते, दार तेवढे उघडत नव्हते. मी विंडोजच्या फ्लॉपीने संगणक सुरू केला आणि एक आज्ञा देऊन डिस्कचा पहिला छोटासा भाग दुरुस्त केला. विंडोज उघडले. हिशेब जसाच्या तसा होता!

त्या दिवशी मी प्रथम नक्कल केली. मग माहितीपुस्तिका सावकाश वाचून लिलो पुन्हा बसवला. आता 'लिनक्स' किंवा 'डॉस' असे लिहिले की हवी ती प्रणाली सुरू होई.

आज हे काम पुष्कळ सोपे झाले आहे. तरीही डिस्कला हात लावण्यापूर्वी मला काकांचे शब्द आठवतात आणि मी आधी नक्कल करून ठेवतो.