निळा धूर
जुनी डिझेल पिकअप ऑईल खाऊ लागली की धुराकडे पाहावे. रात्रभर उभ्या गाडीने सकाळी निळा लोट सोडून थांबावे, तर वॉल्व्हच्या सीलांवर संशय घ्यावा. कांदा भरून घाट चढताना धूर हटेचना, तर बहुधा रिंगा झिजल्या. आमच्या गाडीचे दुखणे या दुसऱ्या जातीचे, आणि जोडीला खोल, बोथट ठोका. मिस्त्रींनी लांब पेचकस ब्लॉकला टेकवून मूठ कानाशी धरली व इंजेक्टरच्या नळ्यांचे नट एकेक करून सैल केले. (नाडीपरीक्षेहून ही मला खरी वाटते.) तिसऱ्याला ठोका मंदावला. बेरिंग! इंजिन उतरवावे, तर हंगामाची कमाई त्यात जाणार. न उतरवावे, तर रॉड ब्लॉक फोडण्याचे भय. वडिलांनी कांद्यासाठी भाड्याची गाडी सांगितली.