कूपे आणि कुटुंब

कांहीं शब्द घरांत पाहुण्यासारखे येतात आणि बिऱ्हाड करून राहतात. 'कूपे' हा शब्द गेल्या दोन महिन्यांपासून आमच्या घरीं असाच ठाण मांडून बसला आहे. आगगाडीच्या पहिल्या वर्गांत दोन शय्यांचा लहानसा कक्ष असतो त्याला कूपे म्हणतात, एवढें आम्हां जुन्या मंडळींना ठाऊक होतें. परंतु मोटारींमध्येंहि कूपे म्हणून एक जात आहे, हें आमच्या पुतण्यानें शिकविलें. शब्द मूळचा फ्रेंच, अर्थ 'कापलेला'. समोरासमोर दोन बैठका असलेल्या घोडागाडीची एक बैठक कापून टाकली आणि जी दोघांपुरती आटोपशीर गाडी उरली, तिला हें नांव पडलें. आपल्यांतून काय वगळलें आहे याची कबुली वस्तूनें स्वतःच्या नांवांतच द्यावी, हा गुण बाजारांत दुर्मिळ. अमेरिकेंतील मोटार-अभियंत्यांच्या संघटनेनें तर याला मापच लावून दिलें आहे: छप्पर पक्कें, आणि मागील आसनाच्या भागाचें घनफळ ३३ घनफुटांहून कमी, ती कूपे.

आमचें घर वाईचें. एका छपराखालीं सात माणसें: वयाचीं सत्त्याऐंशी वर्षें पूर्ण केलेल्या आमच्या मातोश्री, आम्ही दोघे बंधु सपत्नीक, आणि धाकट्या बंधूंचे चिरंजीव व सूनबाई. हीं दोघें पुण्यास नोकरीला असतात, शुक्रवारीं रात्रीं येतात, सोमवारीं पहाटे जातात. घरची मोटार २०११ सालची. रंगानें पांढरी, स्वभावानें सोशीक, चार दारांची व पांच आसनांची. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. मग सरकारी तपासणी करून घ्यावी, ती उतरली तर पुढें पांच वर्षें मुदत मिळते. आमच्या गाडीची मुदत २०२६ सालीं संपते. म्हणून ती राखावी कीं बदलावी, हा प्रश्न उभा राहिला. 'पुढची गाडी मी घेईन', असें पुतण्यानें नोकरीच्या पहिल्याच वर्षीं आपल्या वडिलांना सांगून ठेविलें होतें, आणि धाकटे बंधु त्या शब्दावर निश्चिंत होते. शब्द त्यानें पाळला. फक्त गाडी जी निवडली ती पुण्यातील एका जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याकडील, लाल रंगाची, दोन दारांची कूपे.

घरांतील वडीलधारा म्हणून निवाडा माझ्याकडे आला. पाहिल्यावांचून मत देणें हें मास्तराला शोभत नाहीं, म्हणून मी पुण्यास जाऊन ती गाडी पाहिली. आंत बसलों तेव्हां जमिनीवर पाट मांडून बसल्याचा भास झाला. परंतु पुतण्यानें टेकडीच्या रस्त्यावर एक वळण घेतलें आणि या बैठकीचें प्रयोजन कळलें. गुरुत्वमध्य जितका खालीं, तितकी वस्तु वळणावर कमी कलते. शाळेंत संस्कृताबरोबर अडीअडचणीला पदार्थविज्ञानहि शिकवावें लागे, तेव्हां हें तत्त्व मीं पसरट तांब्या आणि उभी बाटली टेबलावर ठेवून कित्येक वर्षें समजावून दिलें. परंतु तें अंगावर घेण्याचा योग साठी उलटल्यावर आला. जेथें आमची पांढरी गाडी झोकांड्या घेते आणि मागें बसलेल्यांना एकमेकांच्या खांद्यांची ओळख पटते, तेथून ही लाल गाडी रेघ ओढावी तशी गेली. मला आनंद झाला. हें लिहितांना मला संकोच वाटत नाहीं. आनंद हीहि माणसाची एक गरजच आहे, आणि एकोणतिसाव्या वर्षीं ती अधिक असते.

अडचणीहि तितक्याच स्पष्ट होत्या. आपल्याकडील सामान्य कुटुंबाच्या गाडीचें पोट जमिनीपासून साधारण १६५ ते २०० मिलिमीटर वर असतें; या जातीच्या गाड्यांचें त्याहून दोन-तीन बोटें खालीं. पुण्याहून घरापर्यंतचे गतिरोधक पुतण्यानें मोजले आहेत आणि त्यांपैकीं कोणते तिरपे ओलांडावे लागतील हें त्याला पाठ आहे. (शाळेंत शब्दरूपें पाठ करतांना हा उत्साह कोठें होता, असें मनांत आलें, बोललों नाहीं.) पण गतिरोधकांची मला फारशी चिंता नव्हती. मला खटकलें तें त्याचें एक वाक्य. "काका, मागें दोन आसनें आहेत ना! चार माणसें बसतात, म्हणजे कुटुंबाची गाडी झालीच."

त्या मागील आसनांचें स्वरूप ज्यानें अनुभविलें नाहीं त्यानें ऐकावें. माझ्या लहानपणीं, १९६७ च्या सुमारास, आमच्या आळींतील डॉक्टरांकडे एक दोन दारांची गाडी होती. माझ्या आजीला एकदां तींतून नेण्याचा प्रसंग आला. पुढचें आसन दुमडावयाचें, डोकें लववावयाचें, एक पाय आंत टाकून अंग वळवावयाचें आणि मग दुसरा पाय ओढून घ्यावयाचा. हें सारें नऊवारी लुगडें नेसलेल्या, गुडघे धरलेल्या बाईनें. डॉक्टर भले गृहस्थ. त्यांनीं शेवटीं तिला पुढें बसविलें आणि आजोबांना मागें कोंबलें.

ही अडचण एकट्या आमच्या आजीची नव्हती, हें पुढें मोटारींचा इतिहास वाचतांना समजलें. मद्रासची स्टँडर्ड कंपनी विलायतेंतील ट्रायम्फ हेराल्ड ही गाडी आपल्याकडे बनवूं लागली, तेव्हां तिला दोनच दारें होतीं. त्या दशकाच्या अखेरीस कंपनीनें तिलाच चार दारें लाविलीं, आणि अशी चार दारांची हेराल्ड फक्त हिंदुस्थानांत निघाली. तिच्या मायदेशीं ती कधीं झालीच नाहीं. विलायतेंत मागें मुलें बसत असतील. आपल्याकडे मागें वडील माणसें बसतात.

पण केवळ आपलेच लोक असे आहेत, असेंहि समजूं नये. अमेरिकेंत फोर्ड कंपनीनें १९५५ सालाकरितां 'थंडरबर्ड' नांवाची दोन आसनांची मोठी देखणी गाडी काढली. १९५७ सालीं अशा सुमारें २१,००० गाड्या निघाल्या. कंपनींत तेव्हां रॉबर्ट मॅक्नमारा नांवाचे हिशेबांत निष्णात अधिकारी होते; पुढें अमेरिकेचे संरक्षणमंत्री आणि नंतर जागतिक बँकेचे अध्यक्ष झाले तेच हे. मागें आसन नसलेली गाडी मोजकेच लोक घेणार, असा त्यांचा हिशेब. १९५८ पासून त्या गाडीला चार आसनें झालीं आणि त्या वर्षींची संख्या सुमारें ३८,००० वर गेली. रसिक हळहळले, आणि पहिल्या तीन वर्षांच्या त्या दोन आसनांच्या गाड्या आजहि जिवापाड जपतात. मग एप्रिल १९६४ मध्यें याच कंपनीची 'मस्टँग' आली. ती 'फाल्कन' या साध्यासुध्या प्रपंची गाडीच्या सांगाड्यावर बेतलेली, दिसायला तरणीबांड, आणि मागें दोन बेतास बात आसनें. पहिल्या वर्षभरांतच ती चार लाखांवर खपली. माझ्या समजुतीप्रमाणें त्या मागील आसनांवर माणसें फारशीं बसलीं नसावींत. घरीं विचारणा झाली म्हणजे बोट दाखविण्यासाठीं तीं होतीं. पुतण्याचें वाक्य मूळचें त्याचें नव्हेच. तें साठ वर्षांपूर्वींच्या कारखानदारानें त्याच्यासाठीं तयार करून ठेविलें होतें.

अलीकडे याच्या उलट प्रकार निघाला आहे. २०२४ सालीं आपल्या बाजारांत टाटांची 'कर्व्ह' आणि सिट्रोएनची 'बसाल्ट' अशा दोन गाड्या आल्या. दारें चार, आसनें पांच, उंची भरपूर, फक्त छप्पर मागें कूपेसारखें उतरत गेलेलें. मला वाटलें, भांडण मिटलें. पुतण्यानें मान हलविली. "काका, तो नुसता वेष आहे." येथें त्याची रुचि माझ्याहून शुद्ध निघाली, हें मला मान्य करावें लागलें.

आपल्या पूर्वजांजवळ वाहनांचे दोन शब्द होते आणि ते त्यांनीं वेगळेच ठेविले. रथ हा हलका, वेगाचा, युद्धाचा आणि शर्यतीचा. रथी व सारथी यांच्यापुरता. 'अनस्' म्हणजे जड गाडा, ओझ्याचा आणि माणसांचा. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांतील विवाहसूक्तांत सूर्या पतिगृहीं निघते ती अनसावर चढून. त्या गाड्याला कवीनें मनाचा बनविला आहे, आकाशाचें आच्छादन घातलें आहे. पण आहे तो गाडाच. रथाची स्तुति करतांना ऋषींनीं कोठें हात आंखडला नाहीं. मात्र रथालाच 'हाहि एक गाडाच आहे' असें म्हणून कोणी घरांत आणल्याचें माझ्या वाचनांत नाहीं.

पुतण्याजवळ आणखी एक मुद्दा होता, आणि तो बळकट होता. आमच्या गाडींत मीं एक वही ठेविली आहे. तारीख, ठिकाण, अंतर आणि माणसें किती, एवढें तींत लिहितों. ती वही त्यानें माझ्यापुढें उघडली. वर्षभरांत दहांपैकीं सात वेळां गाडींत एक किंवा दोनच माणसें होतीं. दोघे बंधु बाजारांत, नाहींतर एकटा मी ग्रंथालयांत. शिवाय माणसें सात, आसनें पांच, म्हणजे सारें कुटुंब या गाडींतहि मावत नाहींच. गणित बिनचूक होतें.

परंतु त्याच वहींत दोन वर्षांपूर्वींच्या श्रावणांतील एक ओळ आहे: 'रात्रीं दोन. सातारा. चौघे.' त्या रात्रीं मातोश्रींना श्वास लागला. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका असते, हें आम्हांला माहीत होतें. पण ती बोलावण्याआधींच धाकट्या बंधूंनीं गाडी बाहेर काढली होती. दारांत गाडी असली म्हणजे माणसें असेंच करतात. मागें मातोश्री आडव्या, डोकें भावजयीच्या मांडीवर. पुढें मी कागदपत्रें घेऊन. पाऊस मुसळधार होता. पस्तीस किलोमीटर अंतर कोणी एक शब्द बोललें नाहीं. वहींत ती ओळ शंभरांतील एक आहे. सरासरी काढली तर ती दिसतहि नाहीं. मीं पुतण्याला ती वाचून दाखविली आणि विचारलें, "या ओळीचे गुण किती धरायचे?"

तो त्या दिवशीं उत्तर न देतां उठून गेला. पुढच्या शनिवारीं रात्रीं जेवतांना म्हणाला, "काका, चार आसनांचें मी उगाच बोलत होतों. ती मला हवी आहे, एवढेंच."

मातोश्रींना अलीकडे ऐकूं कमी येतें. हें मात्र नेमकें ऐकूं आलें. "मग पहिल्याच दिवशीं तसें सांगायचें नाहीं का?" त्या म्हणाल्या. "मला दाखव तरी."

दुसऱ्या रविवारीं व्यापाऱ्याच्या परवानगीनें ती लाल गाडी आमच्या दारांत उभी राहिली. दोन दारांच्या गाडीचें दार रुंद असतें, त्यामुळें मातोश्री पुढच्या आसनावर सहज बसल्या. घाटापर्यंत जाऊन आल्या. चेहरा खुलला होता. उतरतांना मात्र मांड्या गुडघ्यांच्या खालीं. मी एका बाजूनें आणि भावजय दुसऱ्या बाजूनें, असें दोघांनीं धरून त्यांना वर काढावें लागलें. उभ्या राहिल्यावर लुगडें सांवरीत त्या नातवाला म्हणाल्या, "छान आहे रे. पण मला उतरवायला दोन माणसें लागतात, आणि तीं दोघें हिच्यांत मावत नाहींत."

सगळे हंसले, धाकटे बंधु हंसले नाहींत. मुलानें दिलेला शब्द त्यांनीं मनाशीं निराळ्या रीतीनें धरला होता, आणि तो विषय ते अजून बोलत नाहींत. माझें मत मीं सांगितलें: पैसा तुझा आहे, ती गाडी तुम्हां दोघांची म्हणून घे, घरची म्हणून घेऊं नकोस, आणि पांढरीला तपासणींतून काढून पुढचीं पांच वर्षें तिचा खर्च तूं उचल, म्हणजे वडिलांना दिलेला शब्दहि राहील. हा खर्च थोडा नाहीं. हिशेब केल्यावर लाल गाडी दिवाळीपर्यंत पुढें गेली आहे, आणि तोंपर्यंत व्यापारी ती ठेवील असें नाहीं. सूनबाईंचें मत मीं विचारलें, तेव्हां "मला मागें बसायचें नाहीं, एवढें ठरलें कीं झालें", असें त्या म्हणाल्या.

तूर्त पांढरीला पुढल्या पंधरवड्यांत साताऱ्यास न्यावयाची आहे. मागचे दोन टायर बदलल्यावांचून ती तपासणींत उतरणार नाहीं, असें मिस्त्री म्हणतो. ते पैसे पुतण्यानें काल पाठविले.