विटांची पकड

आमच्या मेहुण्यांना विटा जमवण्याचा नाद आहे असं सांगितलं, की ऐकणाऱ्याला वाटतं, ते बंगला बांधायला काढताहेत. पण या विटा भट्टीतल्या नव्हेत. बोटाच्या पेराएवढ्या, प्लास्टिकच्या, माथ्यावर बारीक गुंड्या असलेल्या या रंगीत विटा डेन्मार्कमधल्या लेगो कंपनीच्या. मेहुणे राहतात पुण्याला. त्यांच्या कपाटात या विटांचे खोके ओळीनं मांडून ठेवलेले आहेत, आणि त्यांतला एकही उघडलेला नाही! खोका उघडला की त्याची किंमत गेली, असं त्यांचं शास्त्र. २००८ साली कंपनीनं ताजमहालाचा संच काढला, ५,९२२ तुकड्यांचा. पुढं तो मिळेनासा झाला, तेव्हा हौशी मंडळींत त्याचे भाव आभाळाला भिडले. मग २०१७ साली कंपनीनं एक तुकडा वाढवून तोच ताजमहाल पुन्हा बाजारात आणला, आणि खोके दडवून बसलेल्यांची तोंडं उतरली. ही कथा मेहुणे सोन्याच्या भावाची सांगावी इतक्या गंभीरपणे सांगतात.

त्यांचा मुलगा मात्र वडिलांच्या अगदी उलट. गेल्या दिवाळीला बहीण त्याला घेऊन नांदेडला आली, तेव्हा कपड्यांच्या पिशवीहून जड असा सुट्या विटांचा डबा त्यानं बरोबर आणला होता. पुण्याची मुलं दिवाळीत मातीचा किल्ला करतात. आमच्या गल्लीत ती चाल कधी नव्हती. मी म्हटलं, "विटांचाच किल्ला कर की. कंधार आहे, औसा आहे, उदगीर आहे. आपल्याकडे किल्ल्यांना काय तोटा?"

"मामा, किल्ला सगळेच करतात," तो म्हणाला. "मला कुणी न केलेलं करायचंय."

मग त्यानं मला सगळं समजावून दिलं. आपण मनानं काही रचायचं आणि त्याची चित्रं कंपनीकडे पाठवायची. दहा हजार लोकांनी पसंती दिली तर कंपनी विचार करते. निवड झालीच, तर त्याचा संच निघतो आणि रचणाऱ्याला विक्रीतला शंभरातला एक हिस्सा मिळतो. चौदा वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांत त्या एका हिश्श्याचे लाखो रुपये चमकत होते.

"मग आजीचा वाडा कर," मी बोलून गेलो, आणि लगेच जीभ चावली.

आजीचा वाडा म्हणजे माझं आजोळ. किल्लारीजवळच्या एका खेड्यात तो होता. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही भावंडं त्याच्या माळवदावर निजत असू. १९९३ च्या सप्टेंबरात मी सातवीत होतो. २९ तारखेला अनंत चतुर्दशी झाली. गणपती बोळवून गाव निजलं, आणि पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी धरणी हलली. आजोबा, आजी आणि धाकटे मामा वाड्याखालीच राहिले. आई तिकडे गेली आणि आठव्या दिवशी परत आली. त्यानंतर तीस वर्षांहून अधिक काळ आमच्या घरात त्या वाड्याचा विषय निघाला नव्हता.

पोराला यातलं फारसं ठाऊक नव्हतं. तो सरळ स्वयंपाकघरात गेला आणि चकल्या पाडत बसलेल्या आजीला विचारू लागला, "आजी, तुझा वाडा कसा होता गं?"

मी दारातच थबकलो. आईचा हात सोऱ्यावर थांबला. "कशाला रे?" ती म्हणाली. आणि थोड्या वेळानं, "दार उगवतीला होतं."

तिथून सुरुवात झाली. दुसऱ्या दिवशी ती हात पुसत येऊन त्याच्यापाशी बसली. "काय करायलास? ढाळज एवढीशी नव्हती. गावातली माणसं बसायची तिथं." मग धान्याचं बळद आलं, देवघर आलं, खांब आले. पांढऱ्या मातीच्या माळवदासाठी नातवानं डब्यातल्या सगळ्या पांढऱ्या विटा वेगळ्या काढल्या. भिंतीची जाडी सांगायला आईनं दोन्ही हात पसरले. "बाहेरून दगड, आतून दगड, मधी चिपा आन् माती."

पोरानं तसंच केलं. दोन पातळ भिंती शेजारी शेजारी उभ्या केल्या आणि मधल्या फटीत सुटे तुकडे ओतले. भिंत झोकदार दिसू लागली. पण वाडा कोनाड्याकडे सरकवायला त्यानं खालची फळी उचलली मात्र, भिंत पोटातून फुटली. अर्धी बाहेर पडली, अर्धी आत.

"आजी, ही अशी टिकणारच नाही," तो म्हणाला. "दोन्ही बाजू एकमेकींना धरतच नाहीत. मधून आडव्या विटा घालायला पाहिजेत."

आई कितीतरी वेळ त्या ढिगाकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "हेच झालं होतं, बाळा."

खरोखर तेच झालं होतं. दोन-दोन हात जाडीच्या त्या भिंती आम्हांला बुरुजासारख्या वाटत. पण त्यांच्या दोन बाजूंना बांधणारा, आरपार जाणारा दगड त्यांत क्वचितच असे. वर माळवदावर दर पावसाळ्याआधी मातीचा नवा थर पडे. पिढ्यान् पिढ्या छप्पर जड होत गेलं, आणि ज्या मातीनं उन्हाळ्यात गारवा दिला तीच त्या पहाटे माणसांच्या अंगावर आली. पुढं ५२ गावं नव्या जागी वसवण्यात आली. ज्या गावांत जुनी घरं उभी राहिली होती, तिथं भिंतींत आरपार जोड घालून ती मजबूत कशी करायची, हे गवंड्यांना शिकवण्यात आलं.

आणि गंमत पाहा, त्या खेळातल्या विटेची गोष्टही हीच आहे. बिलुंड गावच्या ओले कर्क क्रिस्तियनसेन या सुताराचा हा कारखाना. लाकडी खेळण्यांनंतर १९४९ साली तिथं प्लास्टिकच्या विटा निघाल्या. पण त्या आतून पोकळ, त्यामुळे रचलेलं डळमळे. २८ जानेवारी १९५८ ला त्याच्या मुलानं, गोडफ्रेडनं, विटेच्या पोटात नळ्या बसवून पेटंट मागितलं. खालच्या विटेच्या गुंड्या या नळ्या आणि विटेच्या कडा यांच्यामध्ये घट्ट बसू लागल्या. त्या वर्षीची वीट आजच्या विटेवर अजून बसते. वीट तेवढीच, जाडीही तेवढीच. फक्त आत पकड आली.

"मग घाल की आडव्या विटा," आई नातवाला म्हणाली.

"पण मग तो तुझ्या वाड्यासारखा होणार नाही."

"नसू दे. घाल तू."

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी वाडा पुरा झाला. आईनं त्याच्यापुढं, प्लास्टिकला धग लागू नये अशा बेतानं, एक पणती ठेवली. नातू तिला दहा हजार लोकांच्या पसंतीबद्दल सांगू लागला. "दहा हजार?" आई म्हणाली. "तेवढी तर माणसं गेली रे त्या राती." सरकारी मोजणी आठ हजारांच्या आतबाहेरची, लोकांच्या तोंडी मात्र दहा हजारच. मग पणतीकडे पाहत तिनं आजोबांचं, आजीचं, मामांचं सगळं सांगितलं. मीही ते पहिल्यांदाच ऐकत होतो.

वाड्याची चित्रं त्यानं कुठं पाठवली नाहीत. भाऊबीजेनंतर जाताना डबा रिकामा घेऊन गेला. वाडा आजीपाशी राहिला. पंधरा दिवसांनी बहिणीचा फोन आला. पोराकडे खेळायला विटाच उरल्या नाहीत, हे पाहून मेहुण्यांनी दोन दिवस येरझारा घातल्या आणि तिसऱ्या दिवशी कपाटातला एक खोका कात्रीनं उघडला.

आईला मी हे सांगितलं. ती म्हणाली, "बरं केलं. पांढऱ्या असतील तर थोड्या धाड म्हणावं. माळवदाला एका कोपऱ्यात कमी पडल्यात."