तेवीस किलोंत होडी

ऑनसाइटहून येताना लोक चॉकलेटं, परफ्यूम आणतात. मी वाकडच्या टूबीएचकेत चक्क होडी आणली. तीही ईएमआय चालू असताना! अख्खी कयाक जहाजाने न्हावाशेवाला आणायची, तर भाडं वजन किंवा आकारमान, जे जास्त भरेल त्याचं. साडेतीन मीटरची हलकी कयाकसुद्धा पॅकिंगसकट घनमीटरभर जागा अडवते. म्हणजे पैसे हवेचेच! मग घडीची होडी शोधली. १९२८ मध्ये फ्रान्झ रोमरने तसल्याच होडीतून अटलांटिक ओलांडला होता. माझी सेकंडहँड, १४ किलोंची. चेक-इनची २३ किलोंची एक बॅग तिलाच दिली. कस्टम्ससाठी पावती खिशात.

खरं कारण बाबा. मालवणची होडी सोडून ते पिंपरीच्या कंपनीत लागले, ते थेट रिटायर होईपर्यंत. दिवाळीत कोळंबच्या खाडीवर ते दोन पात्यांचं वल्हं बघून आधी हसले. मग मला काठावरच ठेवून निघालेसुद्धा!