सोनीची ना

नाशिकजवळच्या देवळालीत तोफांचा सराव सुरू झाला की लॅम रोडवरच्या घरांची तावदानं थरथरतात. स्कूल ऑफ आर्टिलरी इथेच, त्यामुळे माणसांच्या तो आवाज अंगवळणी पडलाय. कुत्र्यांचं तसं नसतं. त्यातून वय झालेलं, उतारवयात घर बदललेलं कुत्रं असेल, तर आवाज थांबून तास लोटले तरी ते पलंगाखालून बाहेर येत नाही.

सोनी त्यातलीच. गावठी, तपकिरी, नसबंदीची खूण म्हणून कानाचं टोक कापलेलं, वय नऊ-दहाच्या घरात. मालक गेले आणि ती त्यांच्या वहिनींकडे आली. पहिल्याच भेटीत या वहिनींनी, म्हणजे काकूंनी, विचारलं, "ताई, म्हातारं कुत्रं आता काय शिकणार हो?" नाशिकमध्ये कुत्र्यांना शिकवायला जाते तिथे घरोघरी मला हा प्रश्न ऐकू येतो. म्हातारं कुत्रं शिकतं. फक्त आधी त्याला डॉक्टरांकडे न्यायचं.

भीतीच्या मुळाशी पुष्कळदा दुखणं असतं. २०१८ साली इंग्लंडमधल्या लिंकन विद्यापीठाच्या संशोधकांनी आवाजाला घाबरणाऱ्या २० कुत्र्यांच्या नोंदी तपासल्या. ज्यांचे सांधे किंवा स्नायू दुखत होते, त्यांची भीती बाकीच्यांपेक्षा बऱ्याच मोठ्या वयात सुरू झालेली होती. दचकलं की अंग आखडतं, आखडलं की कळ येते, आणि त्या कळेचा दोष आवाजाच्या माथी बसतो. सोनीच्या मागच्या पायांचे सांधे झिजलेले निघाले. डॉक्टरांनी औषध दिलं. (माणसांच्या वेदनाशामक गोळ्या कुत्र्याला आपल्या मनानं कधीही देऊ नयेत. आयब्युप्रोफेन तर जिवावर बेतू शकतं.) तिचं उठणं-बसणं सैल झालं, तेव्हा कुठे आम्ही कामाला लागलो.

भीती घालवायच्या या कामाची रीत जुनी आहे आणि ती एका लहान मुलापासून आली. मेरी कव्हर जोन्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९२४ साली पीटर नावाच्या मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. तो सशाला घाबरायचा. त्याला आवडीचं खायला द्यायचं आणि तो खात असताना ससा पिंजऱ्यातून हळूहळू जवळ आणायचा. पुढे पीटर त्याच सशाला कुरवाळू लागला.

आम्ही तोफेचा आवाज मोबाइलवर लावला, इतका बारीक की सोनीचा फक्त कान हलावा. आवाज झाला की लगेच खाऊ. हा क्रम चुकता कामा नये. आधी खाऊ आणि मग आवाज असं होत राहिलं, तर खाऊ दिसताच कुत्रं धसका घेतं. काकूंच्या घरात चिकन चालत नाही आणि पनीर सोनी हुंगून सोडून द्यायची. उकडलेल्या रताळ्यावर मात्र तिचा जीव. हरभऱ्याएवढे तुकडे करून काकू डबी भरून ठेवायच्या. खटका वाजवून शाबासकी द्यायचा क्लिकर मी वापरलाच नाही, त्या खटक्यानंही ती अंग चोरायची. हळू आवाजात 'छान' म्हटलं की पुरे.

तुकडा मी तिच्या तोंडाशी धरत नसे, तिच्या मागे टाकत असे. काकूंना ते विचित्र वाटायचं. पण भित्रं कुत्रं खाऊच्या ओढीनं माणसाजवळ येतं, तुकडा गिळतं, आणि आपण फार जवळ आलोय हे त्याच्या मग ध्यानात येतं. खाऊ मागे पडला की ते सुटून लांब जातं आणि वाटलं तर आपणहून परत येतं. नकोसं झालं की सोनी पुढचा एक पाय उचलायची, वजन मात्र मागच्या पायांवर. ओठांवरून जीभ फिरायची, झोप नसताना जांभई यायची. मान वळवून तिनं भिंतीकडे पाहिलं की मी डबी बंद करून उठायचे. तिची ना मी अशी पाळली, म्हणूनच तिचा धीर वाढला, असं माझं ठाम मत आहे. नुसत्या खाऊनं कुत्रं जवळ येतं, पण धीट होत नाही.

भ्यालेल्या कुत्र्याला जवळ घेतलं तर भीती वाढते, हा समज घट्ट बसलाय. काकूही सोनी कापायला लागली की मन मारून लांब बसायच्या. भीती ही भावना आहे. मायेनं हात फिरवला म्हणून ती बळावत नाही. सोनी जवळ आली तर खुशाल कुशीत घ्या, म्हटलं. त्या दिवशी काकूंच्या चेहऱ्यावरचं ओझं उतरलेलं मी पाहिलं.

आता लांबवर तोफ वाजली की सोनी दचकते आणि लगेच काकूंच्या हाताकडे बघते. जवळचा दणका अजून सोसत नाही, तेव्हा ती आतल्या खोलीत जाते. तिथे गोधडी अंथरलेली असते आणि पंखा मोठा केलेला. तिला ओढून कुणी बाहेर काढत नाही. दिवाळीच्या आठवड्यासाठी डॉक्टरांनी वेगळी गोळी लिहून दिलीय, आणि संध्याकाळचं फिरणं फटाके सुरू व्हायच्या आत उरकायचं ठरलंय. सध्या आमचं काम जिन्यावर चाललंय. तीन पायऱ्या ती आपणहून चढते, चौथीवर थांबते, आणि आम्हीही थांबतो.