आठ वाजताचा पाळणा

जत्रेचा आवाज नेमका कोणता, असं कुणी विचारलं तर आपल्याला सांगता येणार नाही. पिपाण्या, जनरेटरची घरघर, पाळण्यावरची गाणी, चुकलेल्या पोराच्या नावाचा लाउडस्पीकरवरचा पुकारा, सगळ्यांचा मिळून एक गलका होतो आणि आपण त्यात खुशाल शिरतो. माझ्या भाच्यासाठी तो गलका होतच नाही. प्रत्येक आवाज सुटा, आपल्या पुऱ्या जोरानिशी येतो. तो ऑटिस्टिक आहे. अशा सगळ्याच मुलांचं असं असतं, असं नाही. काहींना आवाज, झोके, गिरक्या उलट हव्याच असतात. याचं दोन्हीकडून: गिरकी हवी, भोंगा नको.

‘मग गर्दीत न्यायचंच कशाला?’ असं लोक सहज विचारतात. पण आमच्या घरात जत्रेची वाट सगळ्यांत जास्त तोच बघतो. आकाशपाळण्याला पेट्या किती, पिवळ्यामागून कुठला रंग येतो, सगळं त्याला पाठ. त्याला पाळणा नको असतो, हे आपणच ठरवून टाकलेलं.

एका मॉलमधल्या खेळघरात तर खेळ बाजूलाच राहिला. स्वच्छतागृहात हात वाळवायचं यंत्र एकाएकी सुरू झालं आणि तो कानांवर तळवे दाबून, घशात एकच सूर धरून भिंतीला चिकटला. बाहेरच्या आवाजावर ओढून घेतलेलं ते त्याचं पांघरूण. ‘फार लाडावलंय हो,’ कुणीतरी म्हणालंच. ते कुणीतरी म्हणतंच.

अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात लहान मुलांसाठी ‘सेसमी प्लेस’ नावाचं उद्यान आहे. २०१८ साली त्यांनी ऑटिस्टिक पाहुण्यांसाठी कर्मचाऱ्यांना शिकवून तयार केलं, शांत जागा केल्या, आणि खेळाखेळाला गुण दिले: आवाज किती, उजेड किती, स्पर्श, वास, चव किती, एक ते दहात. लंडनच्या गॅटविक विमानतळावर २०१६पासून सूर्यफुलांची हिरवी पट्टी मिळते. ती गळ्यात असली की कर्मचारी ओळखतात, इथे जरा सबुरीने घ्यायचं. आपल्याकडे त्याच वर्षीच्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझमचं नाव आहे. तिकीटखिडकीवरच्या माणसाला ते कुणी सांगितलंय की नाही, कोण जाणे.

या सगळ्यात मला हेवा वाटतो तो गुणांच्या फलकाचा. शांत खोलीला जागा लागते, पैसा लागतो; फलकाला पुठ्ठा पुरे. पुढे काय येणार हे आधी कळलं, तर भाचा पुष्कळ काही निभावून नेतो. म्हणून निघण्याआधी त्याची ताई कागदावर चित्रं काढते: रिक्षा, देऊळ, पाळणा, भजी, घर. झालेल्या चित्रावर तो स्वतः फुली मारतो. भज्यांचा गाडा आला नसेल तर मात्र आमची धडगत नसते!

गावच्या जत्रेतल्या पाळणेवाल्याने असला फलक कधी पाहिला नसणार. संध्याकाळी कान झाकून लांबूनच पाळणा बघत उभं असलेलं पोर त्याने हेरलं. ‘सकाळी आठला आणा याला. गर्दी नसते, टेप लावत नाही. हळू फिरवतो.’ काय झालंय, कधीपासून, औषध चालू आहे का, एक प्रश्न नाही. सकाळी भाचा पिवळ्या पेटीत बसला. पेटी वर गेली तशी वरून रंगांची नावं ऐकू यायला लागली, ओळीने, बिनचूक, प्रत्येक फेरीला मोठ्याने. आमच्या मागून एक आजीही नातवाला घेऊन चढल्या. संध्याकाळच्या गलक्यात त्यांना गरगरतं म्हणे.

पाळणेवाल्याने तिकिटाचे पैसे पुरे मोजून घेतले, एक रुपया कमी केला नाही. म्हणाला, ‘उद्यापण या. पण दहाच्या आत या ताई, दहाला टेप लावावीच लागते. तिच्याबिगर गिऱ्हाईक फिरकत नाही.’